एकाच सॉफ्टवेअर सिंथवर चार वाद्यं लावली आणि सगळीकडून पियानोच वाजतोय? मिडी चॅनल कुठे घोळ घालतात ते क्रमाने बघा

हा प्रॉब्लेम मी इतक्या वेळा सोडवलाय की आता कोणी फोनवर "सगळ्या ट्रॅकवर एकच आवाज येतोय" म्हणालं की मी सिंथबद्दल, म्हणजे आवाज तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, काही विचारतच नाही, आधी विचारतो की मिडी मॉनिटर उघडलायस का. मिडी म्हणजे कुठली नोट वाजवायची, कधी थांबवायची असे निरोप कीबोर्ड, कॉम्प्युटर आणि सिंथ एकमेकांना पाठवतात ती पद्धत, आणि मॉनिटर म्हणजे ते मेसेज ओळीओळीने दाखवणारा छोटा प्रोग्राम. कारण दहातल्या आठ-नऊ वेळा सिंथ बरोबरच असतो, त्याच्यापर्यंत पोचणारा चॅनल नंबर चुकीचा असतो, आणि तो नंबर वाटेत कुठे बदलला हे शोधणं एवढंच काम असतं.

आधी लक्षणं बघा, तुमचं यातलं कुठलं आहे ते ओळखा.

- चार ट्रॅकवर चार वाद्यं निवडलीत पण सगळीकडून पियानो येतो, किंवा सगळ्यात शेवटी निवडलेलं वाद्य सगळीकडे वाजतं.
- एक की दाबली की दोन-तीन वाद्यं एकदम वाजतात.
- एका ट्रॅकवर बास हवाय आणि तिथून किक, स्नेअर, हाय-हॅट ऐकू येतात.
- एकच वाद्य गप्प आहे, बाकी सगळी ठीक.
- सिंथमध्ये वाद्यं नीट लावलीत पण प्ले दाबलं की पहिल्या क्षणाला सगळं बदलून जातं.
- एखादी नोट अडकते आणि थांबतच नाही.
- कॉर्ड वाजवला की त्यातली प्रत्येक नोट वेगळ्याच वाद्यात.

शेवटचं लक्षण ऐकून लोक घाबरतात, कीबोर्ड बिघडला असं वाटतं, पण त्याचा उपाय एक सेटिंग बंद करणं एवढाच आहे. खाली येईल.

एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या, ती नसेल तर पुढचं सगळं गोंधळाचं वाटेल. ट्रॅक आणि चॅनल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रॅक ही रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरची सोय आहे, सिंथला ट्रॅक दिसतच नाही. सिंथला दिसतो तो प्रत्येक मेसेजच्या पहिल्या बाइटमधला चॅनल. १९८३ मध्ये मिडी आलं तेव्हापासून त्या बाइटचा खालचा अर्धा भाग, म्हणजे चार बिट, चॅनलसाठी ठेवलेत, आणि चार बिटांत १६ आकडे बसतात म्हणून एका पोर्टवर, म्हणजे एका मिडी जोडणीवर, चॅनल १६च. नोट ऑनचा, म्हणजे की दाबल्याच्या मेसेजचा, पहिला बाइट हेक्समध्ये (सोळाच्या पायाने आकडे लिहायच्या पद्धतीत) ९० असेल तर चॅनल १, ९१ असेल तर चॅनल २, ९९ असेल तर चॅनल १०, ९एफ असेल तर १६. तुम्ही बारा ट्रॅक केलेत, त्यांना बारा रंग दिलेत, बारा नावं दिलीत आणि बाराही ट्रॅक ९० पाठवतायत, तर सिंथच्या दृष्टीने तो एकच वाजवणारा आहे.

पहिलं बघायचं: मॉनिटर

फुकट आहे, पाच मिनिटांचं काम आहे, आणि याच्याशिवाय पुढे जाऊच नका. विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर मिडी मॉनिटर, लिनक्सवर एसेकडंप, यातलं काहीही चालेल. विंडोजवर एक अडचण येते, बऱ्याच जुन्या ड्रायव्हरमध्ये एका वेळी एकच प्रोग्राम पोर्ट उघडू शकतो, त्यामुळे मॉनिटर चालू असताना रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला कीबोर्ड दिसत नाही, तेव्हा आधी ते बंद करा, मग मॉनिटर उघडा.

कीबोर्डवरची एकच की दाबा आणि ओळ वाचा. मध्य सा... म्हणजे मिडल सी दाबला तर साधारण असं दिसेल: नोट ऑन, चॅनल १, नोट ६०, जोर ८८. यात फक्त चॅनल बघा. मग सिंथच्या आधी मॉनिटर लावून, म्हणजे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधून बाहेर पडणाऱ्या बाजूला, तीच की परत दाबा. आत जाताना १ आणि बाहेर पडताना ३ हवा होता पण १च आहे, म्हणजे घोळ सॉफ्टवेअरमध्ये. बाहेर ३ येतोय पण सिंथ चुकीचं वाजवतोय, म्हणजे घोळ सिंथमध्ये. एवढ्यावर अर्धा शोध संपतो आणि उरलेलं काम कुठल्या खोलीत आहे ते कळतं. दोन्ही टोकांना न बघता सेटिंग बदलत बसलात की एक चूक दुसऱ्या चुकीला झाकते, आणि मग जे बरोबर होतं तेही हातचं जातं, हे मी फार वेळा बघितलंय.

इथेच एक खाच: काही सॉफ्टवेअर चॅनल १ ते १६ मोजतात आणि काही ० ते १५. एसेकडंप आणि फ्लुइडसिंथ (एक सॉफ्टवेअर सिंथ) शून्यापासून मोजतात. म्हणून कीबोर्डवर २ लिहिलंय आणि एसेकडंपमध्ये १ दिसतंय, तर ते बरोबर आहे, काही दुरुस्त करू नका. ड्रमचा चॅनल १० तिथे ९ दिसतो. वाद्यांच्या नंबरचंही तेच, कुठे १ ते १२८, कुठे ० ते १२७, त्यामुळे निवडलेल्याच्या शेजारचं वाद्य वाजत असेल तर एक आकडा मागे-पुढे करून बघा.

दुसरं: कीबोर्ड किती चॅनलवर पाठवतोय

बहुतेक कीबोर्ड घरी आणल्या आणल्या फक्त चॅनल १ वर पाठवतात. स्प्लिट लावलं, म्हणजे कीबोर्डचे दोन भाग करून प्रत्येकाला वेगळं वाद्य दिलं, तरी. हे लोकांना पटत नाही कारण कीबोर्डच्या स्वतःच्या स्पीकरमधून डाव्या हाताला बास आणि उजव्या हाताला पियानो छान वाजत असतो.

एका मित्राकडे हेच झालं होतं. संध्याकाळी तालीम, त्याने स्प्लिट मिडल सी ला लावलेलं, डावीकडे बास, उजवीकडे स्ट्रिंग्ज, लॅपटॉपमध्ये सिंथ, आणि खालच्या पट्टीतसुद्धा जाडजूड स्ट्रिंग्जच वाजत होत्या. त्याने सिंथ दोनदा इन्स्टॉल केला, साउंडफाँट (वाद्यांच्या आवाजांची फाइल) बदलला, दोन-अडीच तास गेले, आणि तो अगदी रडकुंडीला आला होता. मी मॉनिटर उघडायला लावला. डाव्या हाताची की: चॅनल १, नोट ३६. उजव्या हाताची: चॅनल १, नोट ७२. स्प्लिट फक्त कीबोर्डच्या आतल्या आवाजांना लागू होतं, बाहेर जाणाऱ्या मिडीला नाही. मेनूमध्ये प्रत्येक झोनसाठी, म्हणजे स्प्लिटच्या प्रत्येक भागासाठी, ट्रान्समिट चॅनल (बाहेर पाठवायचा चॅनल) वेगळा असतो, झोन २ चा चॅनल १ वरून २ केला, आणि बास जागेवर आला. ती ओळ बदलताना त्याचा चेहरा जो खुलला ना, त्यासाठीच मी हे सगळं लिहीत बसतो.

तुमच्या कीबोर्डमध्ये झोनचे वेगळे चॅनल नसतील तर स्प्लिट सॉफ्टवेअरमध्ये करा. एकाच इनपुटचे दोन ट्रॅक, एकाला नोट ५९ पर्यंतच्या नोटा, दुसऱ्याला ६० पासून वरच्या, आणि दोघांचे बाहेर जायचे चॅनल वेगळे.

पेडल विसरू नका. स्प्लिटमध्ये सस्टेन पेडल कुठल्या झोनला जातं तेही बघा. मिडीत पेडल, व्हॉल्यूम अशा नियंत्रणांना कंट्रोलर नंबर असतात, पेडलचा ६४, आणि तोही चॅनलसकटच जातो. दोन्ही झोनला गेलं तर बासच्या नोटा एकमेकांत मिसळून चिखल होतो आणि माणूस इक्वलायझर फिरवत बसतो. चुकून फक्त बासला गेलं तर पियानो कोरडा आणि तुटक वाजतो. मॉनिटरमध्ये पेडल दाबून ६४ कुठल्या चॅनलवर येतोय ते बघा, दहा सेकंदांचं काम.

आणि ते कॉर्डवालं लक्षण: कीबोर्ड एमपीई मोडमध्ये असेल तर तो प्रत्येक नोट मुद्दाम वेगळ्या चॅनलवर पाठवतो, सहसा २ पासून पुढे, म्हणजे प्रत्येक बोटाचा बेंड (सूर वर-खाली वळवणं) वेगळा राहतो. ज्या सिंथमध्ये प्रत्येक चॅनलला वेगळं वाद्य लावलंय तिथे साहजिकच कॉर्डमधली एक नोट बासरीत, एक ट्रम्पेटमध्ये, एक ड्रममध्ये जाते. एमपीई बंद करा, संपलं.

तिसरं: रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर नंबर बदलतंय का

सगळ्यात जास्त वेळ मी इथेच घालवलाय. प्रत्येक ट्रॅकला चॅनलच्या दोन जागा असतात, आत येताना कुठला घ्यायचा आणि बाहेर जाताना कुठला लावायचा. आत "सगळे" आणि बाहेर "आहे तसा" असेल तर कीबोर्डचा १ सगळ्या ट्रॅकमधून १ म्हणूनच जातो. चार वाद्यांसाठी चार ट्रॅकना बाहेरचा चॅनल १, २, ३, ४ असा हाताने लावावा लागतो. रेकॉर्ड करून झालेल्या नोटांमध्येही चॅनल साठवलेला असतो, त्यामुळे ट्रॅकचं सेटिंग आता बदललं तरी काही सॉफ्टवेअरमध्ये जुन्या नोटा जुन्याच चॅनलवर जातात. तेव्हा पियानो रोलमध्ये सगळ्या नोटा निवडून त्यांचा चॅनल बदला.

एबल्टन लाइव्ह वापरणाऱ्यांसाठी वेगळं: तिथे ट्रॅकच्या आत चॅनल जपून ठेवला जात नाही, म्हणून एका ट्रॅकवर कितीही चॅनलचा माल टाकला तरी प्लगइनला (सॉफ्टवेअरच्या आत चालणाऱ्या सिंथला) तो वेगळा दिसत नाही. सिंथ एका ट्रॅकवर ठेवायचा, बाकीचे रिकामे मिडी ट्रॅक बनवायचे, आणि त्यांच्या 'मिडी टू' मध्ये तो सिंथवाला ट्रॅक निवडून त्याच्याखाली चॅनलचा नंबर निवडायचा. रीपरमध्ये एका ट्रॅकवरून दुसऱ्याकडे सेंड केलात तर त्या सेंडमध्येच मिडीचा छोटा मेनू असतो, तिथे कुठल्या चॅनलवरून कुठल्या चॅनलवर ते लिहिलेलं असतं, तो मेनू कोणी बघत नाही.

एक की दाबल्यावर दोन-तीन वाद्यं वाजत असतील तर एकापेक्षा जास्त ट्रॅक रेकॉर्डसाठी आर्म झालेत का, किंवा ट्रॅकचं मॉनिटरिंग (येणारी नोट लगेच ऐकवणं) चालू राहिलंय का ते आधी बघा. नोट जाड, थोडी फिरल्यासारखी ऐकू येत असेल तर तीच नोट दोनदा पोचतेय: कीबोर्ड सिंथला थेट जोडलाय आणि सॉफ्टवेअरमधूनही जोडलाय. एक जोडणी काढा. व्हर्च्युअल पोर्ट (दोन प्रोग्राम आतल्या आत जोडणारी मिडी जोडणी) वापरत असाल, विंडोजवर लूपमिडी किंवा मॅकवर आयएसी ड्रायव्हर, तर तोच पोर्ट एकाच सॉफ्टवेअरमध्ये इनपुट आणि आउटपुट दोन्हीकडे चालू ठेवू नका. मेसेज गोल गोल फिरत राहतो आणि काही क्षणांत सगळं गोठतं.

चौथं: सिंथ ऐकतोय कुठल्या चॅनलवर

सिंथ किंवा सॅम्पलरमध्ये (रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) प्रत्येक वाद्याला रिसीव्ह चॅनल (ऐकायचा चॅनल) असतो. तो 'ओम्नी' असेल तर ते वाद्य सगळ्या चॅनलच्या नोटा स्वतःवर ओढून घेतं. चार वाद्यं ओम्नीवर म्हणजे प्रत्येक नोटेला चारही वाजणार. कॉन्टॅक्टसारख्या सॅम्पलरमध्ये वाद्याच्या डोक्यावरच चॅनल दिसतो, एकेकाला १, २, ३, ४ द्या आणि मल्टी (सगळ्या वाद्यांची एकत्र मांडणी) म्हणून सेव्ह करा, वाद्य सेव्ह करून ही मांडणी राहत नाही.

हेही तपासा की तुमचा सिंथ मुळात एका वेळी अनेक वाद्यं वाजवू शकतो का. बरेच छान छान प्लगइन एका वेळी एकच पॅच (एकच निवडलेला आवाज) वाजवतात आणि कुठल्याही चॅनलवरची नोट त्याच पॅचने वाजवतात. अशा प्लगइनमध्ये कुठलंही सेटिंग शोधू नका, ते नाहीच. प्रत्येक वाद्याला त्याची वेगळी प्रत उघडा. मला स्वतःला हल्ली तीन-चार वाद्यांपर्यंत वेगळ्या प्रतीच बऱ्या वाटतात, मेमरी जास्त लागते पण चॅनलचा प्रश्नच मिटतो. दहा-बारा वाद्यं, जुनी मिडी फाइल किंवा कमी मेमरीचा लॅपटॉप असेल तर एकच सिंथ आणि चॅनल हाच मार्ग.

फ्लुइडसिंथ वापरत असाल तर त्याच्या प्रॉम्प्टवर 'चॅनल्स' ही कमांड द्या (टाइप अर्थातच इंग्रजीत करायची). कुठल्या चॅनलवर आत्ता कुठलं वाद्य आहे ती यादी समोर येते, शून्यापासून. ही यादी म्हणजे सिंथच्या मनात काय आहे ते त्याच्याच तोंडून ऐकणं. क्यूसिंथमध्ये, म्हणजे फ्लुइडसिंथच्या खिडकी-बटणांच्या रूपात, यासाठी चॅनल्सचं बटण आहे.

पाचवं: चॅनल बरोबर, वाद्य चुकीचं

बासच्या जागी ड्रम वाजतायत? तुम्ही चॅनल १० वर आहात. १९९१ च्या जनरल मिडीत (कुठल्या नंबरला कुठलं वाद्य ते ठरवणाऱ्या नियमात) १० हा तालवाद्यांना दिलाय, तिथे वाद्य बदललं तर फक्त ड्रम किट बदलतं. ओळीने ट्रॅक टाकत जाणाऱ्यांचा दहावा ट्रॅक इथे सापडतो. ९ वरून सरळ ११ वर जा.

प्रोग्राम चेंज (वाद्य बदलायचा मेसेज) पाठवलाय पण वेगळंच वाद्य येतंय, तर बँक (वाद्यांचा गट) बघा. बँक सिलेक्ट दोन कंट्रोलरमध्ये येतो, ० आणि ३२, आणि ते प्रोग्राम चेंजच्या आधी पोचायला हवेत, नंतर पोचले तर पुढच्या प्रोग्राम चेंजपर्यंत काहीच होत नाही. तिन्ही मेसेज अगदी एकाच टिकवर, म्हणजे एकाच क्षणावर, ठेवले की क्रम कधी कधी उलटतो, म्हणून मी त्यांच्यात थोडं थोडं अंतर ठेवतो. जीएस आणि एक्सजी या जनरल मिडीच्या दोन वाढीव पद्धती, फ्लुइडसिंथ सुरुवातीला जीएस पद्धतीने चालतो, त्यात कंट्रोलर ० हाच बँक आणि ३२ कडे तो बघत नाही, एक्सजी पद्धतीत ३२ बघतो. फाइल एका पद्धतीची आणि सिंथ दुसऱ्या पद्धतीवर, की वाद्यं चुकलीच. मागितलेलं वाद्य साउंडफाँटमध्ये नसेल तर तो जवळपासचं काहीतरी लावतो, शेवटी पियानो, आणि टर्मिनलवर तसा इशाराही देतो. सगळीकडे पियानो येण्याचं हेही एक कारण, तेव्हा टर्मिनलवरच्या ओळी वाचत जा.

प्ले दाबताच सगळं बदलतं, तर फाइलच्या सुरुवातीची इव्हेंट लिस्ट उघडा. तिथे बहुतेक एफ० ७ई ७एफ ०९ ०१ एफ७ असा मेसेज असतो. हा जनरल मिडी रीसेट, तो आला की तुम्ही हाताने लावलेली सगळी वाद्यं पुसली जातात. तो काढा, किंवा मग वाद्यांची निवड त्याच्यानंतर फाइलमध्येच लिहा. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, कारण तीच फाइल उद्या दुसऱ्या मशीनवरही तशीच वाजेल.

सहावं: एकच वाद्य गप्प, किंवा नोट अडकलेली

गप्प वाद्याच्या चॅनलवर कंट्रोलर ७ म्हणजे व्हॉल्यूम आणि ११ म्हणजे एक्स्प्रेशन बघा. मागच्या गाण्याच्या शेवटी फेड आउट केलं असेल तर ७ शून्यावरच राहिलेला असतो. लोक इथे रीसेट ऑल कंट्रोलर्स, म्हणजे १२१, पाठवतात आणि काही होत नाही म्हणून चक्रावतात. तो ११ परत वर आणतो पण ७ ला आणि पॅनला (आवाज डावीकडे-उजवीकडे) हात लावत नाही, नियमच तसा आहे. ७ ला स्वतंत्रपणे १०० पाठवा. तरीही गप्प, तर सिंथमध्ये त्या वाद्याचा ऑडिओ आउटपुट ३-४ किंवा ५-६ वर गेलाय का बघा, मिक्सरमध्ये तो आउटपुट उघडलेलाच नसतो.

नोट अडकण्याचं नेहमीचं कारण: की दाबलेली असताना चॅनल बदलला. नोट ऑन चॅनल १ वर गेली, नोट ऑफ चॅनल २ वर, आणि १ वरची नोट आपल्या निरोपाची वाट बघत वाजत राहिली. कंट्रोलर १२३ सगळ्या नोटा सोडतो पण पेडल दाबलेलं धरलं गेलं असेल तर त्या तशाच राहतात, तेव्हा १२० पाठवा, तो आवाज लगेच तोडतो. चालू गाण्यात वाद्य बदलायचं असेल तर बोटं आणि पेडल उचलून मगच बदला. भरगच्च भागात नोटा आपोआप मधूनच तुटत असतील तर ते चॅनलचं प्रकरण नाही, सिंथची पॉलिफनी (एका वेळी वाजू शकणाऱ्या नोटांची मर्यादा) संपतेय, ती वाढवा.

कधी थांबायचं

दोन केबल आणि दोन कॉम्प्युटर बदलून बघितले, तरी मॉनिटरमध्ये कीबोर्डकडून एकही ओळ येत नाही किंवा काही की दाबल्यावरच ओळ येत नाही, तर थांबा. तो सॉकेटचा, आतल्या सर्किटचा किंवा कीच्या खालच्या संपर्काचा बिघाड आहे, कीबोर्ड दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाकडे द्या. स्वतः उघडू नका, विशेषतः ज्याची मेन वायर थेट आत जाते असा कीबोर्ड, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक असते. यूएसबीने जोडल्यावर कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा बंद पडत असेल तर जोडून बघत राहू नका, पोर्टही जाईल, तेही दाखवूनच घ्या.

फॅक्टरी रीसेट करण्याआधी तुमचे स्वतःचे पॅच बाहेर सेव्ह करा. रीसेटनंतरही कीबोर्ड सेट केलेल्यापेक्षा वेगळ्या चॅनलवर पाठवत असेल तर ते कंपनीच्या सर्व्हिसचं काम.

आणि कार्यक्रम उद्या असेल, दोन्ही टोकांचे आकडे बरोबर दिसत असतील आणि तरीही सिंथ मधूनच वाद्य बदलत असेल, तर आज रात्री सेटिंग उकरत बसू नका. प्रत्येक वाद्याला प्लगइनची वेगळी प्रत उघडून काम भागवा, किंवा लाइव्ह कीबोर्डचं प्रोग्रामिंग रोज करणाऱ्या माणसाला पैसे देऊन बसवा. त्याला फोन करताना मॉनिटरमधल्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूच्या दोन-दोन ओळी लिहून ठेवा, तो पहिला प्रश्न तोच विचारेल.